भिंतीआडची तिजोरी आणि माहितीचे वाटप

घरात बसवल्या जाणाऱ्या गुप्त तिजोरीचा विचार करताना दोन वेगवेगळ्या संरक्षणांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिले संरक्षण पोलादाचे असते. पत्र्याची जाडी, दारातून चौकटीत शिरणाऱ्या पोलादी अडसरांची संख्या, कुलपाची रचना आणि भिंतीतील पकड यांवर ते अवलंबून असते आणि ते मोजता येते. दुसरे संरक्षण अज्ञानाचे असते, म्हणजे तिजोरी कोठे आहे, किंबहुना ती घरात आहे की नाही, हेच बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. हे संरक्षण कोणत्याही मापात बसत नाही, एकदा गेले की परत आणता येत नाही, आणि ते नेमके कोणत्या दिवशी गेले हेही घरच्यांना बहुधा कळत नाही. या धंद्यात बराच काळ काढलेल्या कारागिराला मजुरी मिळते ती पहिल्या संरक्षणाची, पण त्याच्या कामाचा अवघड भाग दुसऱ्याशी निगडित असतो. पुणे-मुंबईकडच्या सदनिकांत चालणाऱ्या या कामाच्या अनुभवातून पुढे येणारे प्रतिपादन असे की, गुप्त तिजोरी बसवणे हे मुख्यतः माहितीच्या वाटपाचे काम आहे. कोणाला किती कळावे, कोणाला मुळीच कळू नये, आणि ज्यांना आज कळू नये त्यांना पुढे केव्हा कळावे, हे ठरल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावण्यात अर्थ नसतो.

मौल्यवान वस्तू दडवण्याची गरज नवी नाही. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत भिंतीतच पोकळी ठेवून धान्य साठवले जाई आणि तिला बळद म्हणत. कोठे जमिनीखाली धान्याचे पेव असे, आणि जिन्याखाली, कोनाड्यामागे किंवा देवघराच्या पाठभिंतीत दागिन्यांसाठी चोरकप्पा ठेवण्याची चाल होती. भिंत मुळातच हात-दीड हात जाड असल्यामुळे तिच्या पोटात काही दडवण्यासाठी फारशी वेगळी कारागिरी लागत नसे, आणि ती पोकळी ठेवणारा गवंडी पिढ्यान् पिढ्या ओळखीचा असल्यास त्याला ठिकाण ठाऊक असणे ही जोखीम मानली जात नसे. पुढे १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, त्यानंतर तिजोऱ्याही तयार होऊ लागल्या, आणि विसाव्या शतकात पोलादी कपाट हा मध्यमवर्गीय घराचा ठरलेला भाग झाला. त्या कपाटाच्या आत स्वतंत्र कुलपाचा एक कप्पा असे, घरातील सोने त्यात राही, आणि त्याची किल्ली बहुधा साड्यांच्या घडीखाली सापडे. कुलूप सुधारले, पत्रा जाड झाला, पण ठिकाण मात्र सर्वांना पाठ झाले, आणि त्या सर्वांत चोरही होता. वाड्यात गुप्तता होती पण कुलूप कच्चे होते, कपाटात कुलूप पक्के होते पण गुप्तता उरली नव्हती. भिंतीतील तिजोरी ही या दोन्ही उणिवा एकाच वेळी भरून काढण्याची खटपट आहे.

या खटपटीला अलीकडे जोर येण्याचे एक कारण बँकांच्या लॉकरविषयीच्या नियमांत सापडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकरबाबतची बँकांची जबाबदारी स्पष्ट करणारे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेला दिले, त्यानुसार १८ ऑगस्ट २०२१ रोजी सुधारित सूचना निघाल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून त्या लागू झाल्या. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढे ठरवण्यात आले. ग्राहकाच्या दृष्टीने ही पूर्वीपेक्षा सुधारणा होती, परंतु तिच्यामुळे एक हिशोबही प्रथमच उघड झाला: वर्षाला तीन हजार रुपये भाडे असेल तर भरपाईची कमाल मर्यादा तीन लाखांची, आणि सोन्याच्या आजच्या भावात एका पाटल्यांच्या जोडाने व मोहनमाळेने ती सहज ओलांडली जाते. शिवाय सणासुदीला दागिने काढायचे तर बँकेच्या वेळा पाळाव्या लागतात आणि लग्नसराईत ते परत ठेवेपर्यंत चार-आठ दिवस घरातच राहतात. म्हणून कारागिराकडे येणारी बहुतेक कुटुंबे लॉकर सोडून देणारी नसतात. वापरातला ऐवज, घराच्या खरेदीखतासारखे कागद आणि थोडी रोकड एवढ्यासाठीच त्यांना घरी जागा हवी असते. ही मर्यादा आधी बोलून घेतलेली बरी असते, कारण किती मोठी तिजोरी घ्यायची आणि ती किती लपवायची या दोन्ही गोष्टी तिच्यावरून ठरतात.

तिजोरीच्या निवडीत सर्वांत जास्त गैरसमज आढळतो तो चोरीपासून आणि आगीपासून होणारे रक्षण एकच समजण्याचा. चोरीरोधक तिजोरीचा भर जाड पोलाद, भोक पाडणाऱ्या ड्रिलला दाद न देणारा कठीण पत्रा आणि घाव बसताच आपोआप पडणारी जादा कडी यांवर असतो. अग्निरोधक तिजोरीत मात्र दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्समसारखे भरण असते. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते, ते तापल्यावर वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ आतले तापमान रोखून धरते. कागदांसाठी आतल्या तापमानाची मर्यादा अमेरिकी मानकात १७७ अंश सेल्सिअस धरलेली आहे, संगणकाच्या डिस्कसारख्या माध्यमांसाठी ती सुमारे ५२ अंशांवर येते, म्हणून कागद वाचवणारी तिजोरी त्यांनाही वाचवीलच असे नाही. चोरीरोधक तिजोऱ्यांची प्रतवारी वेळेत सांगितली जाते. ‘टीएल-१५’ या अमेरिकी शिक्क्याचा अर्थ असा की, ठरलेली हत्यारे घेऊन बसलेल्या परीक्षकांना प्रत्यक्ष कामाच्या १५ मिनिटांत दार उघडता आले नाही. भारतात तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे, पण बाजारात घरगुती म्हणून विकली जाणारी, दोन-तीन मिलिमीटर पत्र्याची, आकडे दाबून उघडणारी पेटी पुष्कळदा असल्या कोणत्याही शिक्क्याविना येते. अशा काही स्वस्त पेट्यांत कडी अडवणारा विद्युतचुंबकी खटका इतका सैल असतो की, पेटीवर योग्य ठिकाणी ठोसा मारून त्याच क्षणी मूठ फिरवली तर दार उघडते. अनुभवी कारागीर ही परीक्षा ग्राहकासमोर करून दाखवतो आणि मगच पुढचे बोलतो.

जागेची निवड हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग होय, कारण सदनिकेतील भिंत दिसायला सारखी असली तरी आतून सारखी नसते. विटांची बाहेरची भिंत बहुधा २३० मिलिमीटरची, म्हणजे बोलीभाषेतील नऊ इंची, आणि खोल्यांमधली ११५ मिलिमीटरची असते. नव्या इमारतींत वाळू, चुना व सिमेंटचे सच्छिद्र, हलके ठोकळे वापरलेले असतात, त्यांना गवंडी सरसकट सायपोरेक्स म्हणतात. आणि ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती व स्लॅब एकत्र ओतण्याच्या ‘मायवान’ पद्धतीने बांधलेल्या इमारतींत बहुतेक भिंत सळयांसह काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. या शेवटच्या प्रकारात कोनाडा कोरण्याचा विचारही करता येत नाही, आणि विटांच्या इमारतीतही स्तंभ व तुळया यांना हात लावायचा नसतो. बाहेरच्या भिंतीत जाडी मिळते, पण तिजोरीमागे राहिलेल्या विटेच्या पातळ थरातून पावसाचे पाणी झिरपते. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीवर एकट्याचा हक्क नसतो. न्हाणीघराच्या भिंतीत ओल आणि नळ दोन्ही असतात. आणि विजेच्या बटणांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात तारांच्या नळ्या असण्याची शक्यता फार असते. भिंत बोटांच्या पेरांनी ठोकत गेले असता भरीव जागी बद्द आवाज येतो आणि पोकळ जागी तो घुमतो, हा गवंड्यांचा जुना उपाय धातुशोधक यंत्र हाती आल्यावरही टिकून आहे, कारण यंत्र नळी दाखवते पण सुटलेला गिलावा दाखवत नाही. वजनाचाही हिशोब असतो: राहत्या खोलीचा स्लॅब साधारणतः चौरस मीटरला दोनशे किलो वापरभार धरून आखलेला असतो, त्यामुळे जड अग्निरोधक तिजोरी खोलीच्या मध्याकडे न ठेवता तुळईलगत ठेवावी लागते, आणि तिचे वजन फार असेल तर संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो. भिंतीत फेरबदल करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेणे आवश्यक असते. त्या अर्जात कारण काय लिहायचे, येथूनच माहितीच्या वाटपाचा प्रश्न सुरू होतो.

प्रत्यक्ष कोरीव कामाचा क्रम ठरलेला असतो, आणि त्यातील घाई पुढे अनेक वर्षे दिसत राहते. नऊ इंची विटांच्या भिंतीत बसेल एवढी उथळ तिजोरी घेतली असल्यास तिच्या मापापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठी चौकट ओळंबा आणि पातळी लावून आखली जाते, त्या रेषेवर पाणी शिंपडत कटर चालवला जातो, म्हणजे धूळ कमी उडते आणि गिलाव्याला बाहेर तडे जात नाहीत. वरच्या विटा सुटू नयेत म्हणून आधी वरची एकच ओळ काढून तेथे कडप्प्याची फरशी दोन्ही बाजूंना चार-सहा इंच टेकवून सरकवली जाते. ही फरशी छोट्या तुळईचे काम करते, आणि ती पक्की बसल्यावरच खालच्या विटा काढल्या जातात. मागे निदान एका विटेची अर्धी जाडी शाबूत ठेवायची असल्यामुळे शेवटचा थर हातोड्याने न फोडता छिन्नी तिरपी धरून सोलून काढावा लागतो, आणि पलीकडच्या खोलीत एकाने भिंतीला तळहात लावून उभे राहायचे, म्हणजे गिलावा फुगू लागला तर वेळीच कळते. तिजोरी आत सरकवल्यावर ती पाठीमागच्या व तळाच्या भोकांतून जखडली जाते. भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये आवळताच फुगणारा बोल्ट चालतो, पण सायपोरेक्समध्ये तोच बोल्ट ठोकळ्याचा भुगा करतो. तेथे भोक फुंकून स्वच्छ करून त्यात राळेसारखा चिकट द्रव भरून दांडा बसवायचा आणि तो घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही, हाच मार्ग असतो. कडेच्या फटी सिमेंटने भरल्यावर ओल्या गिलाव्यातील पाणी तिजोरीतही शिरते, म्हणून काही दिवस तिचे दार उघडे ठेवावे लागते आणि त्या काळात आत कागद ठेवायचे नसतात. मुंबई आणि कोकणच्या पावसाळी हवेत तर पुढेही आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात, नाहीतर चांदी काळवंडते आणि मुद्रांकाच्या कागदावर बुरशी धरते.

एवढे झाल्यावर तिजोरी पक्की होते; ती गुप्त मात्र अजून झालेली नसते. चित्राच्या किंवा आरशाच्या मागे तिजोरी असणे हे चित्रपटांनी इतके रूढ करून टाकले आहे की, अनोळखी माणूस प्रथम चौकटच हलवून पाहील असे कारागीर गृहीत धरतात. त्यांचा कल कपाटाच्या पाठफळीकडे, पलंगाच्या शिरोभागाकडे, ओट्याखालच्या तळपट्टीकडे किंवा अंगच्या कपाटातील बिनकामाच्या कोपऱ्याकडे असतो. पाठफळी बाकीच्या प्लायवूडच्याच तुकड्यातून, रेघा जुळवून कापलेली असावी लागते, आणि दाबले की सुटणारी खिट्टी फळीच्या अशा बिंदूवर ठेवायची असते की, कपडे काढताना-ठेवताना तिला धक्का लागणार नाही. ठिकाण उघडे पाडणाऱ्या खुणा बारीक असतात. एकाच जागी सनमायकाला आलेली हाताची चकाकी, बिजागरीखाली सांडलेला भुसा, भिंतीच्या जुन्या रंगात दिसणारा नव्या रंगाचा चौकोन, शेजारच्या कप्प्यांहून चार बोटे उथळ असलेला एकच कप्पा, यांपैकी कोणतीही एक खूण पुरते. म्हणून जाणता कारागीर एकाच कप्प्याची खोली कमी न करता त्या रांगेतील सगळे कप्पे सारखेच उथळ करतो आणि रंगाचा डाग न जुळवता भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवायला लावतो. जागा थोडी वाया जाते, खर्च वाढतो, आणि ग्राहकाला हे पटवून देण्यात फळी कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्याचबरोबर तिजोरीपर्यंत रोज हात पोचणे फार कठीण केले तर घरातील माणसे कंटाळतात आणि दागिने पुन्हा उशीखाली किंवा साड्यांच्या घडीत येऊन पडतात. ही अडचण लपवण्याच्या कौशल्याची मर्यादा ठरवते.

तथापि घरातील खुणा झाकता येतात, घराबाहेर गेलेली माहिती झाकता येत नाही, आणि ती बाहेर जाण्याचे मार्ग बहुधा अगदी साधे असतात. अंतर्गत सजावटीचा आराखडा हा त्यांतील पहिला मार्ग होय. त्या आराखड्यात कपाटाच्या आत नेमक्या जागी ‘लॉकर’ असे लिहिलेले असते, आणि तो कागद सुतार, वायरमन, रंगारी, फर्निचरचा दुकानदार आणि त्यांचे मदतनीस अशा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहतो. त्यामुळे आराखड्यात तेथे केवळ बंद पोकळी दाखवून मापे लिहावीत आणि तिजोरीचे काम शेवटी स्वतंत्रपणे करून घ्यावे, असा आग्रह या क्षेत्रातील जबाबदार माणसे धरतात. दुसरा मार्ग खोक्याचा असतो. चित्र छापलेले खोके प्रवेशद्वारावर नोंदवले जाते, उद्वाहनातून शेजाऱ्यांसमोर वर जाते आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याजवळ उभे राहते. या धंद्यातील जुने लोक खोके दुकानातच फोडतात, तिजोरी गोधडीत किंवा साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून आणतात आणि ती इतर सामानाबरोबर वर चढवतात. तिसरा मार्ग आवाजाचा: भिंत कोरल्याचा आवाज लपत नाही, पण दिवाळीआधीच्या रंगकामात किंवा स्वयंपाकघराच्या दुरुस्तीत तो मिसळून जातो. चौथा मार्ग अलीकडचा आहे आणि त्याचा बंदोबस्त सर्वांत कठीण आहे. केलेल्या कामाचे छायाचित्र पुढच्या ग्राहकाला दाखवण्याची कारागिराला सवय असते, आणि चोरकप्प्यासारखे चमकदार काम समाजमाध्यमावर टाकण्याचा मोह मोठा असतो. त्या चित्रात पडदा, फरशी किंवा खिडकीबाहेरची इमारत दिसली तरी घर ओळखू येते. सुताराची कीर्ती त्याच्या कामाच्या दिसण्यावर वाढते. तिजोरी बसवणाऱ्याला मात्र उत्तम झालेले काम दाखवता येत नाही आणि त्याची ओळख तोंडी शिफारशीवरच चालते, हे या धंद्याचे एक वेगळेपण मानावे लागेल.

माहिती मर्यादित ठेवण्याचा विषय निघाला की पुष्कळ घरांत बोलणे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींवर येऊन ठेपते, आणि तेथे कारागिराचा अनुभव घरच्यांच्या समजुतीहून थोडा वेगळा असतो. कामाला येणाऱ्या बाईला घराची रचना घरच्यांइतकीच ठाऊक असते, कारण फरशी तीच पुसते आणि कपाटाखालचा भुसा प्रथम तिलाच दिसतो. म्हणून तिच्यापासून बांधकाम लपवण्याची कल्पना फारशी व्यवहार्य नसते. दुसरीकडे, घरातील एखादी वस्तू जागेवर सापडली नाही की पहिला संशय तिच्यावरच जातो, आणि ती वस्तू पुढे दुसऱ्या पर्समध्ये सापडली तरी त्या संशयाची भरपाई होत नाही. ऐवज एका बंद जागी राहू लागला, ती उघडण्याचा क्रमांक दोघांनाच ठाऊक आहे हे सर्वांना माहीत असले, आणि वस्तू काढण्या-ठेवण्याची शिस्त पडली, की संशयाचे वर्तुळ आपोआप आखले जाते आणि तिच्या रोजीरोटीवर येणारे बालंट टळते. तिजोरीचे ठिकाण गुप्त ठेवावे, पण घरात मौल्यवान वस्तू उघड्यावर नसतात ही शिस्त मात्र उघड असावी, असा भेद येथे करता येतो. माहितीचे वाटप करायचे म्हणजे सरसकट दडपादडपी करायची, असा त्याचा अर्थ होत नाही, हे या भेदातून स्पष्ट होते.

या वाटपाचा सर्वांत बोलका क्षण क्रमांक बसवण्याचा असतो. कारागीर तिजोरीचे दार उघडे ठेवूनच कुलपाची तालीम देतो. कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक बदलायला लावतो, नवा क्रमांक दाबल्यावर अडसर हवेत बाहेर येतात आणि परत आत जातात हे दोन-तीनदा करून घेतो, आणि तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहतो. दार बंद करण्याची परवानगी त्यानंतरच मिळते, कारण बंद दारामागे चुकीचा क्रमांक पक्का झाला तर नवीकोरी तिजोरी फोडावी लागते. अडचणीच्या वेळी वापरायची किल्ली तिजोरीतच ठेवली जाऊ नये, बॅटरी संपण्याआधी बदलावी, लग्नाचा किंवा जन्माचा दिनांक क्रमांक म्हणून घेऊ नये, या सूचना तेथेच द्याव्या लागतात. परंतु पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसालाही एक गोष्ट कळते: आकड्यांच्या फळ्यासमोर कोण उभे आहे. आत जाणारे दागिने बहुतांशी घरातील स्त्रीचे असतात. माहेरहून आणि सासरहून तिला मिळालेले हे स्त्रीधन तिचेच असते, आणि पतीकडे ते असले तरी तो त्याचा केवळ विश्वस्त ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. असे असूनही क्रमांक पुष्कळदा पती ठरवतो आणि पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून पाहते. कोठे सासूबाईंना क्रमांक कळतो आणि सुनेला कळत नाही. बाहेरच्या माणसाने यात बोलणे शोभत नाही, म्हणून जुन्या कारागिरांनी त्यावर एक सौम्य तोडगा काढलेला आहे. कुलपाची तालीम घरातील दोन जाणत्या माणसांनी प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय काम पुरे झाले असे ते मानत नाहीत, आणि ही अट ते कुलपाच्या तांत्रिक गरजेच्या नावाखाली सांगतात. ज्याला ऐवजाचे मालक म्हणायचे त्याला तो काढता येत नसेल तर ती तिजोरी मालकाविरुद्धच बसवली गेली, असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

गुप्ततेवर नेमका किती भरवसा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर कुलपांच्या इतिहासात एकदा दिले गेले आहे. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने चब आणि ब्रामा यांची अभेद्य समजली जाणारी कुलपे उघडून दाखवली. कुलपांचे दोष उघडपणे बोलल्याने चोरांचे फावेल या आक्षेपावर त्या वेळी मोठी चर्चा झाली, आणि चोरांना हे दोष आधीपासूनच ठाऊक असतात, अज्ञानात राहतो तो प्रामाणिक ग्राहक, अशी हॉब्स यांच्या बाजूची भूमिका होती. पुढे १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना असे तत्त्व मांडले की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर तिने टिकावे. भिंतीतील तिजोरीला हे तत्त्व लावले असता कामाचा अग्रक्रम ठरतो. ठिकाण कधीतरी कोणाला तरी कळणारच असे धरून पोलाद, पकड आणि क्रमांक निवडावेत, आणि त्यानंतर ते कोणालाच कळू नये अशा रीतीने लपवावे. गुप्ततेमुळे चोराचा शोधण्यात वेळ जातो, पोलादामुळे फोडण्यात जातो, आणि घरफोडी करणाऱ्याजवळ वेळच थोडा असल्यामुळे या दोन्ही विलंबांची बेरीज हीच तिजोरीची खरी मजबुती असते. लपवलेली आहे म्हणून पातळ पेटी घेतली आणि बोल्टही न मारता कोनाड्यात सरकवली, तर सापडल्यावर ती उघडण्याचेही कारण राहत नाही. चोर ती काखोटीला मारून जातो आणि सवडीने फोडतो.

मात्र कुटुंबांना चोराइतकाच, आणि क्वचित त्याहूनही मोठा धोका त्यांच्याच गुप्ततेकडून असतो. घरातील एकाच माणसाला ठिकाण आणि क्रमांक ठाऊक असला, आणि तो अचानक गेला किंवा त्याची स्मृती गेली, तर ऐवज घरात असूनही घरच्यांचा राहत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेल्या मौल्यवान वस्तूला निधी म्हटले आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजाने ठेवला असे म्हणणाऱ्याला दावा मांडण्याची वाट त्यात ठेवलेली आहे. जुना वाडा पाडताना भिंतीतून गाडगे निघाले की हाच कायदा लागू होतो, आणि त्याच्या कलमांमागे पुष्कळदा हेच घडलेले असते की, ठेवणाऱ्याने उत्तम लपवले, वेळेवर सांगितले मात्र नाही. वारसांसाठीची व्यवस्था म्हणून तिजोरीचे ठिकाण मृत्युपत्रात लिहिण्याचा सल्ला दिला जातो, पण तो जपून घ्यावा लागतो, कारण मृत्युपत्र पुढे न्यायालयात सादर होऊ शकते आणि अनेकांच्या हाती पडते. त्यापेक्षा मृत्युपत्रात केवळ एका मोहोरबंद पाकिटाचा उल्लेख करावा, ठिकाण त्या पाकिटात आणि क्रमांक दुसऱ्या विश्वासू व्यक्तीजवळ ठेवावा, आणि तिजोरीचा क्रमांक बदलला की त्या व्यक्तीजवळचा क्रमांकही बदलावा, ही रीत अधिक सुरक्षित ठरते. दोन्ही अर्धे एकत्र आल्याशिवाय कोणालाच काही साधत नाही.

यावरून तिजोरी बसवणाऱ्याने ग्राहकाला विचारायच्या प्रश्नांचा क्रम बदलतो. कोणत्या खोलीत, केवढ्या मापाची आणि किती किमतीची, हे नंतरचे प्रश्न होत. आज ही जागा कोण उघडणार, घरातील आणखी कोणाला तिचे ठिकाण कळणार, उघडणारे माणूस नसेल त्या दिवशी कोण उघडणार, आणि काम करणाऱ्यांपैकी किती जणांना ती दिसल्याशिवाय राहणार नाही, हे चार प्रश्न आधी सुटले तर भिंत निवडणे सोपे जाते; न सुटले तर उत्तम भिंतीतील उत्तम तिजोरीही थोड्याच काळात एकतर सर्वांना ठाऊक होते किंवा कोणालाच उघडता येत नाही. स्वतः कारागिराचे नाव चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात कायमचे राहते, कारण त्याला पाहिलेले विसरता येत नाही. म्हणून सुतारकाम, गवंडीकाम आणि जखडणी ही तिन्ही कामे शक्य तेवढी एकाच हाताने उरकणे, पत्ता आणि कामाचा तपशील एकाच वहीत न लिहिणे, छायाचित्र न काढणे आणि क्रमांक त्याच संध्याकाळी, आपण गेल्यावर, पुन्हा बदला असे स्वतःहून सांगणे, ही या धंद्यातील सचोटीची मापे ठरतात. ग्राहकाला यांतील एकही गोष्ट पावतीवर दिसत नाही, पण कोणत्या कारागिराला घरात घ्यायचे हे ठरवताना पोलादाच्या जाडीआधी त्याने याच गोष्टींची चौकशी करावी.